चाकणची ड्यूक, बंगळूरचा डबा

माझ्याकडे २०१४ ची केटीएम ३९० ड्यूक आहे. पहिल्या पिढीतली, थ्रॉटलला अजून केबल असलेली. राइड-बाय-वायर, म्हणजे केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, २०१७ च्या मॉडेलपासून आलं. ३७३.२ सीसीचा एकच सिलिंडर, ४३.५ पीएस ताकद, आणि जन्म चाकणचा, बजाजच्या कारखान्यातला. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ही गाडी चालवलेल्यांना तिचा स्वभाव सांगायला नको. तीन हजार आरपीएमच्या खाली धक्के मारते, सिग्नलला थांबलं की फॅन सुरू होऊन मांड्या शेकते, आणि मोकळा रस्ता मिळाला की आपण सगळं विसरतो.

मी ती सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने बाहेरचा सायलेन्सर आणि धुऊन वापरायचा एअर फिल्टर बसवला होता, आणि सीटखाली पॉवरट्रॉनिकचा, पेट्रोलचं प्रमाण बदलणारा डबा. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचा हा डबा आपल्याकडच्या ड्यूक आणि केटीएमच्याच आरसीवाल्यांत बराच चालतो. गाडीच्या कागदपत्रांबरोबर त्याने एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. आत मॅपच्या, म्हणजे कुठे किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्यांच्या, फायलीच फायली: ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘टॉप एंड बेस्ट’. कुठला मॅप कोणी, कुठल्या गाडीवर, कुठला सायलेन्सर लावून बनवला हे त्यालाही ठाऊक नव्हतं. “टॉप एंड बेस्ट टाका, गाडी उडते,” एवढंच म्हणाला.

गाडी उडत वगैरे नव्हती. चार ते सहा हजारच्या मधे पूर्ण थ्रॉटल दिला की क्षणभर अडखळायची आणि मग सुटायची. एव्हरेज बावीसवर आलं होतं. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. कॉलेजातल्या पोरांना ते फटाके आवडतात. मला त्यात पेट्रोलचे पैसे वाजताना ऐकू यायचे.

डब्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याच्याविषयी गैरसमज भरपूर आहेत. तो गाडीचा मूळ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, काढून टाकत नाही. ईसीयू आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर यांच्या मधे बसतो. ईसीयू सांगतो, इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघड. डबा त्या क्षणाचा आरपीएम आणि थ्रॉटल बघतो, आपल्या तक्त्यात त्या जागी कोणती टक्केवारी लिहिली आहे ते वाचतो आणि तेवढा वेळ वाढवून किंवा कमी करून हुकूम पुढे पाठवतो. लॅपटॉपवर त्यांचं आर-ट्यून सॉफ्टवेअर उघडलं की तो तक्ता समोर येतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल, मधे कप्पे. सहा लिहिलं की सहा टक्के पेट्रोल जादा, उणे सहा लिहिलं की कमी. इग्निशनचा, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याचा, तक्ता वेगळा. दोन मॅप ठेवून हँडलवरच्या स्विचने बदलायचीही सोय आहे. एक्सेल येणाऱ्या माणसाला हे सगळं दहा मिनिटांत समजतं. फक्त कोणत्या कप्प्यात काय लिहायचं, ते सॉफ्टवेअर कुठेच सांगत नाही.

ते सांगणारी वस्तू वेगळी. गाडीच्या बेंड पाइपला कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर असतोच, पण तो नॅरोबँड. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर साधारण ०.८-०.९ व्होल्ट, लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ च्या आसपास, आणि या दोन्हींच्या मधे सरळ कडा. म्हणजे जास्त आहे की कमी आहे एवढं सांगतो; किती ते नाही. मॅप बनवायचा तर ‘किती’ ते सांगणारा वाइडबँड हवा. मी एईएमचं ५२ मिलिमीटरचं गोल मीटर घेतलं, सोबत बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर. ४.९ चा फायदा असा की त्याला अधूनमधून पाइपातून काढून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावं लागत नाही, ४.२ ला करावं लागतं.

आता सेन्सर बसवायचा कुठे? त्याचे आटे १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे. तेवढा नट बेंड पाइपवर वेल्ड करून घ्यायचा, तोही धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे कॅटच्या, आधी, कारण कॅटमधून पुढे गेलेल्या धुरात खरी गोष्ट उरत नाही. भोसरीत एक आर्गॉन वेल्डिंगवाले मामा आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. ड्यूकचा सायलेन्सर पोटाखाली, त्यामुळे पाइप आखूड आणि जागेची मारामार.

मामांनी बोट ठेवलं पाइपच्या खालच्या अंगाला. “हितं मारतो. जागा बी हाय आन दिसायचं बी न्हाई.”

“मामा, खाली नको. गाडी थंड असताना पाइपात पाणी धरतं. ते गरम सेन्सरवर पडलं की आतली सिरॅमिक तडकते.”

“मग वर मारलं तर रेडिएटरला लागंल की.”

“पूर्ण वर नको. आडव्यापेक्षा थोडं वर, दहा-पंधरा अंश तरी.”

त्यांनी पाइप पुन्हा गाडीला लावला, सेन्सर हातात धरून चहूबाजूंनी फिरवून बघितला, हँडल दोन्हीकडे वळवून वायर कुठे ताणते ते पाहिलं आणि मग खडूने खूण केली. नट मारताना आत एक जुना बोल्ट आवळून ठेवला, म्हणजे उष्णतेने आटे वाकडे होऊ नयेत. भोकाच्या आतल्या कडेला कानशीने हात फिरवला. हे मी सांगितलेलं नव्हतं. सेन्सरची किंमत मात्र त्यांनी दोनदा विचारली.

मीटरची वायर चावीच्या मागच्या लाइनवरून, फ्यूज टाकून घेतली. या सेन्सरला स्वतःचा हीटर असतो. आतलं टोक साडेसातशे अंशांच्या वर तापतं तेव्हाच तो काम करतो. इंजिन चालू आणि सेन्सर बंद अशी वेळ आली की त्यावर काजळी बसते आणि तो मरतो. त्यामुळे मीटर बंद ठेवायचं बटण वगैरे लाड करायचे नाहीत. चावी लागली की ते लागलंच पाहिजे.

मीटर दाखवतं तो एएफआर, म्हणजे पेट्रोलच्या किती पट हवा. पहिला आकडा दिसला तो आयडलवर, सोळाच्या पुढे. म्हणजे मीटरच्या म्हणण्याप्रमाणे गाडी भयंकर लीन. पण प्लग काढून बघितला तर काळा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत असं वाटतं, पण असतात. पाइपात कुठूनतरी बाहेरची हवा शिरत असेल तर सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. एका सिलिंडरच्या इंजिनात आयडलला धुराचे ठोके लांब-लांब पडतात, दोन ठोक्यांच्या मधे पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फट असेल तिथून हवा आत ओढली जाते. आरपीएम वाढला की हा परिणाम मावळतो. माझ्या मीटरवर नेमकं तेच होत होतं. आयडलला सोळा, पाच हजारला शहाण्यासारखं चौदा-पंधरा.

घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलटी, म्हणजे फुंकणाऱ्या तोंडाला लावली, ती फडक्याने आवळून सायलेन्सरमध्ये घुसवली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. सिलिंडर हेड आणि बेंड पाइपच्या जोडावर फेसाचा गोळा फुगून आला. तिथली गॅस्केट रिंग चपटी होऊन एका बाजूला फाटलेली. नाना पेठेत नवी मिळाली. ती घातल्यावर आयडलचा आकडा खाली आला, फटाके जवळजवळ थांबले, आणि पुढच्या दोन टाक्यांत एव्हरेजही सुधारलं. एव्हरेज का सुधारलं हे समजायला मला जरा वेळ लागला. फटीतून येणारी हवा कंपनीच्या सेन्सरलाही दिसत होती. त्याने ईसीयूला ‘लीन आहे, लीन आहे’ म्हणून बोंब मारायची, आणि ईसीयूने भाबडेपणाने पेट्रोल वाढवत जायचं. म्हणून प्लग काळा. ‘टॉप एंड बेस्ट’ मॅप उघडून बघितला तर त्यात शून्य थ्रॉटलच्या ओळीत सगळीकडे अधिक आकडे होते. कोणीतरी कुठल्यातरी गाडीचे फटाके पेट्रोल ओतून बंद करायला बघितले असणार.

तर मॅपला हात लावायच्या आधीच निम्मं दुखणं गेलं. खालच्या आरपीएमचे धक्केही बरेचसे चेन आणि थ्रॉटल केबलच्या ढिलाईचे निघाले. केबलचा मोकळा खेळ कमी केला, चेन नीट ताणली, आणि गाडी पावणेतीन हजारावर दुसऱ्या गिअरमध्ये बरी चालायला लागली. यासाठी हजारो रुपयांचे मॅप विकत घेणारी माणसं मला माहीत आहेत.

मग लॉगिंग. गाडी चालवताना मीटरकडे बघून आकडे लक्षात ठेवणं शक्य नाही आणि ते करूही नये. मी पासोड्या विठोबापाशी, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाऊन एक आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), मेमरी कार्डाचं मॉड्यूल आणि एक ऑप्टोकपलर आणला. तीन गोष्टी नोंदवायच्या होत्या: मीटरच्या मागून निघणारा व्होल्टेज, थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज आणि कॉइलच्या ठोक्यांवरून आरपीएम. एईएमच्या मीटरचं गणित सोपं आहे. ०.५ व्होल्ट म्हणजे ८.५ एएफआर, ४.५ व्होल्ट म्हणजे १८, मधे सरळ रेषा.

सोपं, पण एक मेख आहे. लॉगमधला आकडा आणि मीटरच्या तबकडीवरचा आकडा जुळत नव्हता. तोही कधी जुळायचा, कधी नाही. मीटरची अर्थ (अर्थिंगची वायर) मी हेडलाइटच्या वायरिंगमधून घेतली होती, आर्डुइनोची थेट बॅटरीवरून. मल्टिमीटरची एक पिन या अर्थला, दुसरी त्या अर्थला लावून गाडी चालू केली. दोन अर्थांमध्ये शून्य दिसायला हवं. ४० मिलिव्होल्ट दिसले. रेडिएटरचा फॅन लागला तसे ते शंभराला जाऊन टेकले. शंभर मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ व्होल्ट, आणि वरच्या हिशोबाने ते झाले जवळजवळ पाव एएफआर. म्हणजे फॅन लागला की माझी गाडी कागदावर बदलत होती, प्रत्यक्षात काही झालेलं नसताना. दोन्ही अर्थ बॅटरीच्या एकाच बोल्टवर आणल्या, फरक गेला. नेटवर ज्यांचे मॅप फिरतात त्यांच्यापैकी किती जणांनी हे मोजलं असेल, असा विचार तेव्हा मनात आला.

आता पेट्रोल. २०२३ मध्ये ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, टप्प्याटप्प्याने पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच झालं. २०१४ ची गाडी ई२० साठी बनलेली नाही. रबरी नळ्या आणि ओ-रिंगांचा प्रश्न वेगळा; त्या मी बदलून टाकल्या. मॅपच्या दृष्टीने मुद्दा असा की शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिसळलं की हिशोब १३.५ च्या आसपास येतो. तेवढ्याच हवेसाठी ई१० पेक्षा ई२० साधारण चार टक्के जास्त ओतावं लागतं, आणि निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के. २०१४ मध्ये बनवलेला मॅप आजच्या टाकीवर तेवढा लीन चालणार.

टाकीत खरंच वीस टक्के आहे का, हे बघणं अवघड नाही. १०० मिलीचा काचेचा मोजपात्र-सिलिंडर घ्यायचा. त्यात ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी. गच्चीवर, उघड्यावर, आसपास काडी-सिगारेट काही नको. बूच लावून हलवायचं, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडायची, मग ठेवून द्यायचं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी प्यारं, ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात उतरतं. पाच-दहा मिनिटांत दोन थर स्वच्छ वेगळे होतात. माझी पाण्याची रेघ वीसवरून चढून पस्तिसाच्या किंचित वर थांबली. ऐंशीत पंधरा-सोळा, म्हणजे वीस टक्क्यांच्या जवळ. पंपावर लिहिलं होतं ते खरं होतं.

इथून आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राशी वाद सुरू झाला आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही. माझ्या मीटरवर पूर्ण थ्रॉटलला १३ दिसत होतं. तो म्हणाला, “अरे, ई२० चं मूळच साडेतेरा आहे. १३ म्हणजे तू जेमतेम रिच आहेस. इंजिन जाळशील. बाराच्या खाली आण.”

ऐकायला बिनतोड वाटतं. पण सेन्सरला पेट्रोल कुठलं हे कळत नाही. धुरात ऑक्सिजन उरलाय की न जळलेलं इंधन उरलंय, आणि किती, एवढंच तो बघतो. हवा आणि इंधनाचा हिशोब बरोबर जुळला की तो म्हणतो ‘एक’. यालाच लॅम्डा म्हणतात. मीटर त्या एकाला १४.७ ने गुणून तबकडीवर दाखवतं, कारण ते बनवणाऱ्याने शुद्ध पेट्रोल धरलेलं आहे. टाकीत ई२० असो की शुद्ध इथेनॉल, लॅम्डा एक असेल तर तबकडीवर १४.७ च दिसणार. म्हणजे माझं १३ हे ०.८८ लॅम्डा होतं, आणि पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल इंजिन जिथे सगळ्यात जास्त ताकद देतं ती जागा तिथेच, ०.८६ ते ०.८९ च्या पट्ट्यात आहे. मित्राच्या हिशोबाने साडेतेराच्या ०.८८ पट, म्हणजे ११.९ तबकडीवर आणलं असतं तर खरा लॅम्डा झाला असता ०.८१. काळा धूर, धुतल्यासारखी सिलिंडरची भिंत आणि ऑइलमध्ये पेट्रोल. मी मीटर लॅम्डावर टाकून ठेवलं. एएफआरमध्ये बोलणाऱ्याशी ई२० च्या जमान्यात वाद घालणं हा वेळेचा अपव्यय आहे असं माझं स्पष्ट मत झालंय, आणि तरी मी तो घालतोच.

मॅप मी शून्यापासून सुरू केला. सगळे कप्पे शून्य, म्हणजे डबा असून नसल्यासारखा. मग नुसतं फिरायचं. सकाळी लवकर, भोरच्या रस्त्याला, एका गिअरमध्ये थ्रॉटल स्थिर धरून. चढ असेल तर उत्तम, कारण चढावर वेग कमी ठेवूनही इंजिनावर भार येतो. घरी येऊन कार्डावरची फाइल एक्सेलमध्ये ओतायची. आधी कचरा काढायचा: इंजिन गरम व्हायच्या आधीच्या ओळी, थ्रॉटल हलत असतानाच्या ओळी, आणि थ्रॉटल पूर्ण सोडलेल्या ओळी, कारण तेव्हा ईसीयू पेट्रोल बंदच करतो आणि मीटर टोकाला जातं. मिसिंग झालेल्या ठोक्यातही न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, तोही लीन भासतो. उरलेल्या ओळींचा पिव्होट टेबल: आरपीएमचा पट्टा, थ्रॉटलचा पट्टा, सरासरी लॅम्डा. ज्या कप्प्यात मोजक्याच नोंदी पडल्या तो कप्पा रिकामा समजायचा, मोह झाला तरी.

दुरुस्तीचं सूत्र एका ओळीचं आहे. मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. साडेसहा हजारला पूर्ण थ्रॉटलच्या कप्प्यात मला ०.९५ मिळालं, हवं होतं ०.८८. भागाकार १.०८, म्हणजे आठ टक्के वाढवा. पुढच्या फेरीत त्याच कप्प्यात अजून पाच टक्के लागले तर आठ अधिक पाच तेरा लिहायचं नाही, १.०८ गुणिले १.०५ करायचं. फरक छोटा वाटतो, पण दोन-चार फेऱ्यांत साचत जातो. अडखळत होती ती जागा चार ते सहा हजारच्या मधली. तिथे लॅम्डा एकाला टेकत होता. पूर्ण थ्रॉटलला एक म्हणजे फारच कोरडं. तिथे दोन आकडी दुरुस्ती गेली आणि अडखळणं गेलं.

मधल्या थ्रॉटलला मात्र वेगळीच गंमत. पाच हजार आरपीएम, थ्रॉटल बारा टक्के, सपाट रस्ता. लॉगमध्ये लॅम्डा ०.९८ आणि १.०२ च्या मधे करवतीच्या दातांसारखा वरखाली. हे ईसीयूचं स्वतःचं काम. तो नॅरोबँडच्या कड्यावर पाय ठेवून थोडं जास्त, थोडं कमी असं करत राहतो. मी तिथे सहा टक्के वाढवून बघितले. लॉगमध्ये दिसलं ते असं: आकडा आधी ०.९४ ला गेला, काही सेकंद तिथे राहिला, मग हळूहळू सरकत परत एकावर. आपण भाजीत मीठ जास्त घालावं आणि आईने न बोलता त्यात बटाटा टाकावा, तसं. मी उणे सहा लिहिले तेव्हाही तो परत एकावर आला. याचा सरळ अर्थ, रोजच्या चालण्यातल्या कप्प्यांत आपण काहीही लिहिलं तरी ईसीयू ते पुसतो. त्याला फसवायला बाजारात ऑप्टिमायझर नावाचे प्लग मिळतात. मी घेतला नाही. क्रूझिंगला लॅम्डा एक असणंच पेट्रोलच्या, कॅटच्या आणि पीयूसीच्या सोयीचं आहे, आणि ई२० चा चार टक्क्यांचा फरकही त्या भागात ईसीयू आपोआप भरून काढतो. ते कप्पे शून्यच ठेवले. पूर्ण तक्त्यातला माझा मजकूर मोठ्या थ्रॉटलच्या बाजूला आहे, बाकी कोरा.

आठ हजारच्या वरचे कप्पे रस्त्यावर करण्यासारखे नाहीत. तिसऱ्या गिअरमध्येही तो वेग गावाबाहेरच्या रस्त्याला शोभत नाही, आणि आपल्याकडे कुठल्या वळणावर बैलगाडी, म्हशी किंवा उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर भेटेल सांगता येत नाही. त्यासाठी तासावर पैसे घेणाऱ्या एका गॅरेजच्या डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गेलो. गाडी पट्ट्यांनी बांधली, समोर फॅन लावला, चौथ्या गिअरमध्ये खालून वरपर्यंत ओढली. डायनोवर रस्त्याची हवा नसते, एअरबॉक्स तापतो, म्हणून प्रत्येक ओढीच्या मधे थांबून पाण्याचं तापमान खाली येऊ द्यावं लागतं. तिथला मुलगा घाईत होता, त्याला तसंच सलग ओढायचं होतं. मी चहा मागवून वेळ काढला. शेवटी शिखरावर ताकद वाढली ती जेमतेम दीड बीएचपी. आलेख बघून त्याचं तोंड उतरलं, माझं नाही. मधला खड्डा भरला होता, आणि रोज चालवताना माणूस त्याच खड्ड्यातून जात असतो.

इग्निशनच्या तक्त्याला मी हात लावला नाही. पेन ड्राइव्हवरच्या मॅपमध्ये जागोजागी दोन-तीन अंश अ‍ॅडव्हान्स होता, म्हणजे ठिणगी तेवढी लवकर. या गाडीचं कॉम्प्रेशन साडेबाराच्या आसपास आहे, माझ्या गाडीत नॉक सेन्सर नाही, आणि हेल्मेटमध्ये वाऱ्याच्या आवाजात डिटोनेशन (इंधनाचा अवेळी स्फोट, म्हणजेच नॉक) ऐकू येईल या भरवशावर पिस्टन ठेवायची माझी तयारी नाही. लॅम्डासाठी माझ्याकडे मीटर आहे, नॉकसाठी नाही. मग जे मोजता येत नाही ते बदलायचं कशाला.

उंचीचं एक बघायचं होतं. महाडहून पोलादपूर, तिथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. जवळपास समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या वर, म्हणजे हवेचा दाब साधारण पंधरा टक्के कमी. थ्रॉटल आणि आरपीएम एवढंच बघणाऱ्या तक्त्याला हे कळायला मार्ग नाही; तो वरही तेवढंच पेट्रोल ओतेल आणि गाडी रिच होईल अशी भीती होती. लॉगमध्ये पोलादपूरला ०.८८, वर माथ्यावर ०.८७. फरक नगण्य. कारण डबा टक्केवारी लावतो ती ईसीयूच्या आकड्यावर, आणि हवेचा दाब ईसीयूने आधीच हिशोबात धरलेला असतो. पूर्ण ईसीयू बदलणाऱ्यांना हे सगळं स्वतः भरावं लागतं. अशा जोडडब्याला नावं ठेवणारे बरेच आहेत, पण एवढं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

बाहेरचा सायलेन्सर मी यथावकाश काढून कंपनीचा लावला. पोलिस चौकाचौकात अडवतात, जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोलर फिरवतात, आणि खरं सांगायचं तर सोसायटीतल्या आजींनी एकदा जिन्यात गाठून जे सुनावलं ते पुरेसं होतं. सायलेन्सर बदलला म्हणजे पूर्ण थ्रॉटलचे कप्पे पुन्हा मोजणं आलं. बहुतेक ठिकाणी दोन-तीन टक्के कमी करावे लागले. पीयूसीवाल्याच्या मशीनला आयडलवर काही वावगं दिसलं नाही. आयडलला मी काही लिहिलेलंच नाही.

राहिलेलं एक काम म्हणजे झटक्यात थ्रॉटल उघडतानाचं. स्थिर थ्रॉटलला सगळं बरोबर असलं तरी मूठ एकदम पिळली की पहिल्या काही ठोक्यांना लॉग १.१ दाखवतो. त्यातलं किती खरं आणि किती सेन्सरपर्यंत धूर पोहोचायला लागणाऱ्या वेळामुळे, हे वेगळं काढण्यासाठी लॉगरचा वेग वाढवतोय. सध्या सेन्सर काढून त्या नटाला तांब्याची पेस्ट लावून बोल्ट मारून ठेवलाय, कारण मीटर त्या वाद घालणाऱ्या मित्राने नेलंय. त्याच्या आरसीला अजून नट मारायचाय. मी त्याला मामांचा पत्ता दिला आणि आधी साबणाचं पाणी घेऊन बस म्हणून सांगितलं.